डाव्या हाताच्या कळा

मित्रांनो, मी एक जुना कीबोर्ड आहे. माझ्या डाव्या बाजूच्या कळांवरची अक्षरं पार पुसून गेली आहेत. मला त्याचं वाईट वाटत नाही. ती कुणाच्या बोटांनी पुसली, ते मला ठाऊक आहे.

कारखान्यात मी भावंडांसारखाच घडलो आणि खोक्यात बसून ताराता नावाच्या डोंगरातल्या गावात आलो. चर्चच्या मागे दोन खोल्या, तेच गावाचं रेडिओ केंद्र. तिथे दोन्या कासिमिरा, म्हणजे कासिमिराबाई, आवाज कापण्या-जोडण्याचं काम करायच्या. खोऱ्यातल्या म्हाताऱ्यांची केचुआ भाषेतली गाणी त्या ध्वनिमुद्रित करून आणत आणि त्यातला खोकला, वाऱ्याची घरघर काढून टाकत. पडद्यावर आवाजाची रेघ डोंगररांगेसारखी पसरलेली असे. पण तेव्हा सगळा मान माउसला होता. मी आपला नावं लिहिण्यापुरता.

मग बाईंना पक्षाघात झाला. पाय सावरला, वाचा सावरली, उजवा हात मात्र मांडीवर पडला तो पडलाच. कामावर परतल्यावर त्यांनी डाव्या हाताने माउस धरून पाहिला. बाण भलतीकडेच जाई. खोकला काढायला गेल्या आणि गाणाऱ्याचं नावच कापून बसल्या.

"मी घरी बसते आता," त्या तंत्रज्ञ रोमुलोला म्हणाल्या. "कोंबड्या पाळते."

"कोंबड्या तरी तुमचं ऐकतील का, दोन्या? हात गेलाय, कान नाही गेला. दिवसभर सगळ्यात जास्त काय करता, ते सांगा."

"कापते. नको तो आवाज गप्प करते. चुकलं की मागे फिरते."

रोमुलोने शॉर्टकटचं पान उघडलं आणि ही तिन्ही कामं माझ्या डाव्या काठावरच्या शेजारशेजारच्या कळांना वाटून दिली. रेघ लहानमोठी करायचं काम माउसच्या चाकाला दिलं. माझ्यावर छापलं होतं एक आणि करायचं होतं दुसरंच. सुरुवातीला बाईही चुकायच्या. एकदा पाद्रीबाबांचा अख्खा आशीर्वाद गप्प झाला. "बरं झालं, फार लांबला होता," असं पुटपुटत त्यांनी तो परत आणला. हळूहळू त्यांची बोटं माझ्याकडे न बघता चालू लागली.

पुढे रोमुलो कामासाठी दूर इकिके शहरात गेला. बातम्या वाचणारा इस्माएल एकदा माझ्यापाशी बसला. एक कळ दाबली आणि त्याची बातमीच कापली गेली. वैतागून त्याने सगळे शॉर्टकट मूळपदावर आणले आणि कुणाला सांगितलं नाही.

त्याच सुमारास सातुर्निना नावाची विणकर म्हातारी वारली. तिचं पेरणीचं गाणं दुपारी लागायचं होतं. तिची माणसं अंगणात रेडिओ घेऊन बसणार होती. सकाळी बाईंनी ओळखीची कळ दाबली, तर काहीच होईना. दुसरी दाबली, तर भलतंच झालं.

इस्माएल खाली मान घालून म्हणाला, "कळा मीच बदलल्या. द्या, मी कापून देतो."

"तू तिचा श्वासही कापशील," बाई म्हणाल्या. "बस इथं. ते पान कुठे उघडतं, तेवढं दाखव."

मग त्यांनी एकेक कळ स्वतः लावली. रोमुलोने लावल्या होत्या तशा नाही. करंगळीला जड जाणारं काम त्यांनी मधल्या बोटाला दिलं. इस्माएलसाठी त्याच्याच नावाची वेगळी मांडणी करून ठेवली. उरलेल्या वेळात गाण्यामागची ट्रॅक्टरची धडधड काढली. गाणं वेळेवर लागलं.

दुसऱ्या दिवशी सातुर्निनाची मुलगी उकडलेल्या मक्याचं गाठोडं घेऊन आली. "कडव्यामध्ये आई दम घ्यायला थांबायची," ती म्हणाली. "तशीच थांबली काल. मी वाट बघत राहिले, आणि ती परत गायला लागली."

इस्माएलने मुलीला बसायला खुर्ची दिली.

मित्रांनो, आता मी थकलो आहे. एखादी कळ अडकते. मला पुसा, माझ्यावर चहा सांडू नका, हे तर मी सांगेनच. पण खरं मागणं निराळं आहे. जे अवजार तुम्हाला विचित्र वाटतं, ते कुणाच्या तरी हाताला बसलेलं असतं. ते सरळ करायला जाण्याआधी त्या माणसाला एकदा विचारा.