दोष माझ्या सांध्यांचा, आळ तिच्या हातांवर

मित्रांनो, मला भंगार म्हणायचे असेल तर खुशाल म्हणा, पण आधी माझ्यासारखे गवताचे भारे वाहून दाखवा. मी अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यातला एक म्हातारा पिकअप ट्रक आहे. माझ्याबरोबरच्या कित्येक गाड्यांचे केव्हाच पत्र्याचे गोळे झाले. मी अजून धावतो, आणि त्याचा मला माज आहे.

कारखान्यातून निघालो तेव्हा मी गवतासारखा हिरवागार होतो. लॉयल एकस्ट्रॉम नावाच्या शेतकऱ्याने मला घरी आणले. मी मका वाहिला, वासरे वाहिली, एकदा तर चर्चचा पियानोही वाहिला. गावच्या जत्रेत लोक माझे कौतुक करायचे. लॉयल गेल्यावर त्याची बायको आर्डिस मला चालवू लागली. शेतावरच्या त्या घरात दुसरी गाडी नव्हती. चर्च, दुकान, मैत्रिणीकडची कॉफी, सगळीकडे ती माझ्याच भरवशावर जायची.

मग माझे सांधे गेले. चाकाला सांगाड्याशी जोडणारा एक लोखंडी हात असतो, त्याला कंट्रोल आर्म म्हणतात. त्याच्या सांध्यात रबराचे बुश असतात, तुमच्या गुडघ्यात कूर्चा असते तसे. माझे बुश पार झिजले. सरळ जाता जाता मी एका बाजूला ओढू लागलो आणि एके दिवशी शेजाऱ्यांची टपालपेटी आडवी केली.

आर्डिसचा मुलगा केंडल ओमाहा शहरातून आला. नवे बुश आकसून नीट बसावेत म्हणून त्याने ते आईच्या फ्रीझरमध्ये, 'पाय' नावाच्या गोड पदार्थाच्या डब्यांशेजारी ठेवले. मग मला जॅकवर उचलून ते बुश ठोकून ठोकून बसवले. पण बोल्ट त्याने मी हवेत असताना, चाके लोंबकळत असतानाच आवळले. मला खाली उतरवताच रबर पिळवटले, आणि ते तसेच पिळलेले राहिले. मी ओरडून सांगणार कसा?

हिवाळा सरायच्या आत ते फाटले. मी पुन्हा ओढू लागलो आणि कुंपणाला घासलो.

"आई, बुश तर मी नवेकोरे टाकलेत," केंडल म्हणाला. "आता गाडीचा दोष नाही. तुझे हात थरथरतात. चावी दे इकडे."

"माझे हात थरथरतात? काल पायची पारी कुणी लाटली रे?"

"अगं, पाय वेगळा, रस्ता वेगळा. हा ट्रक मी आजच भंगारात देतो. तुला कुठे जायचं असेल तर मला फोन कर."

"म्हणजे चर्चला जायला ओमाहाहून परवानगी मागू?" आर्डिसचा आवाज चिरकला. तिने चावी दिली, पण स्वतःही शेजारी येऊन बसली.

मला इतका संताप आला होता म्हणून सांगू! भंगारवाल्याच्या वाटेवर खडीचे एक वळण आहे. तिथे मी एका बाजूला ओढलो, आणि केंडलला घेऊन थेट रस्त्याकडेच्या चरात उतरलो. मुद्दाम केले का, ते विचारू नका.

आर्डिसने स्कार्फ सरळ केला. "तुझेही हात थरथरायला लागले वाटतं, बाळा?"

केंडल चिखलात आडवा होऊन माझ्याखाली शिरला आणि बराच वेळ बाहेर आलाच नाही. "आई," शेवटी खालूनच म्हणाला, "चाकं लोंबकळत असताना बोल्ट आवळले मी. रबर फाटलंय. चूक माझीच गं."

"मग बाहेर येऊन सांग, तोंड बघू दे."

मला घरी परत आणून या खेपेला त्याने रबराऐवजी पॉलीचे, म्हणजे एका चिवट प्लास्टिकचे, कडक बुश आणले, भरपूर ग्रीस लावले, आणि मी चारही चाकांवर उभा राहिल्यावरच बोल्ट आवळले. आता मी दोरी ताणल्यासारखा सरळ जातो. ग्रीस मिळाले नाही तर मात्र मी कुरकुरणार, आणि सगळ्या गावाला ऐकू जाईल असा कुरकुरणार!

मित्रांनो, जुन्या गाडीची काळजी घ्या, एवढेच मागून मी थांबणार नाही. म्हाताऱ्या माणसाच्या हातून चावी काढून घेण्याआधी आपले कपडे मळवा, गाडीखाली शिरा आणि नीट बघा. मला आता जास्त बोलायला वेळ नाही. आर्डिस चर्चला निघाली आहे, आणि केंडल तिच्या शेजारच्या सीटवर गुपचूप बसला आहे.