उभी केलेली बाज

मित्रांनो, निघोजे गावातल्या एका पडवीत भिंतीला टेकून जी जुनी बाज उभी आहे, ती मी. अंगावर धूळ साचली आहे, हे खरं. पण माझी चौकट अस्सल बाभळीची आहे आणि आजही कुरकुरत नाही.

गावच्या सुताराने मला घडवलं आणि घरधन्याने अंबाडीच्या दोरीने घट्ट विणलं. तेव्हाचा माझा थाट काय सांगू? पाहुणा आला की आधी मला अंगणात काढत. माझ्यावर बसून सोयरिकी जुळल्या, मिरच्या वाळल्या, पोरांनी उड्या मारल्या, तरी मी हूं की चूं केलं नाही.

पुढे घरधनी गेले आणि त्यांची बायको गवराबाई दुखण्याने माझ्यावर आली. एकोणीसशे पन्नास साल उलटून गेलं होतं. तिचा मुलगा बन्सी पिंपरीच्या एका नव्या कारखान्यात सायकलने कामाला जायचा. गवराबाईला एकच दुखणं असतं तर निभावलं असतं. तिला दमा होता, लघवीतून साखर जात होती, गुडघे धरले होते आणि या सगळ्यांवर कडी म्हणजे पाठ. डॉक्टरांनी पाठीसाठी सपाट निजायला सांगितलं, तर निजल्यावर दमा उसळे. साखरेसाठी चालायला सांगितलं, तर पाठ उठू देईना. सून शालनबाई निरगुडीच्या पाल्याने शेकून शेकून थकली.

त्यात माझ्या दोऱ्या सैल पडून मधोमध खोल झोळ आला होता. गवराबाई त्यात अशी रुते की कडेचं लाकूड तिच्या खांद्याच्या वर येई. कूस बदलायलाही शालनबाईला हाक मारावी लागे. साखरेमुळे सारखं बाहेर जावं लागे आणि दर वेळी सुनेला हातातल्या कामावरून उठवायची तिला लाज वाटे. म्हणून तिने पाणी पिणंच जवळजवळ सोडलं. जीभ टाळ्याला चिकटे, पण उशाचा तांब्या भरलेलाच राही. मला सगळं कळत होतं, पण बोलता येत नव्हतं. जीव नुसता तुटायचा.

दोरी आवळायला असं काय मोठं लागतं? बाज उभी करायची आणि पायथ्याकडून दोरी ओढत यायची. पण आमच्याकडे माणूस गेलं की मगच त्याची बाज उभी करतात. जित्या माणसाची बाज उभी करणं म्हणजे मरण बोलावणं. म्हणून बन्सी दोरीला हात लावीना. मायेपोटी तो आणखी एक गोधडी घाली आणि मी आणखी खाली जाई.

एका दुपारी गवराबाईने पाठीखालची गोधडी सारखी करायला हात घातला. बोटं दोऱ्यांमधून खाली गेली आणि सारवलेल्या जमिनीला टेकली.  बन्सी त्या दिवशी सुट्टीमुळे घरी होता. तिने त्याला हाक मारली.

"मला उंबऱ्यावर बसीव, आन ही बाज उभी कर."

"आये, असं वंगाळ बोलू न्हाई."

"मी मेल्यावर उभी करशीलच की. तवा माझ्या पाठीला काय उपेग त्याचा?"

 बन्सीने आईला उचलून उंबऱ्यावर बसवलं आणि मला उभं केलं. शालनबाईने पदर डोळ्यांना लावला. बन्सी पायथ्याकडून दोरी ओढत राहिला.

मित्रांनो, दुखणी काही पळून गेली नाहीत. दमा राहिला, साखर राहिली, पाठही पावसाळी हवेत ठणकायची. पण त्या संध्याकाळी गवराबाई कडेचं लाकूड धरून आपली आपण उठली आणि काठी टेकत परसात जाऊन आली. मग माझ्यावर बसून म्हणाली, "शालन, तांब्या दे. आता पिते."

ती पुढे काही वर्षं जगली. ती गेली तेव्हा रिवाजाप्रमाणे मला पुन्हा उभं केलं. मेलेल्या माणसाची बाज म्हणून तेव्हापासून मला कोणी खाली घेतलेलं नाही.

मित्रांनो, तुमच्या घरी कोणी म्हातारं माणूस पडून असेल, तर औषधाची चौकशी जरूर करा. पण एकदा त्याच्या अंथरुणाखाली हातही घालून बघा आणि उशाचा तांब्या भरलेलाच का राहतो, ते विचारा. माझी दोरी अजून ताठ आहे. कोणाची पाठ दुखत असेल, तर मला एवढं खाली घ्या.