दारावरून गेलेला बाप

काओने दारातूनच त्या दोघांना हाक मारली. एकाच्या हातात डुकराच्या गळ्यातली दोरी होती, दुसऱ्याने त्याच डुकराचं शेपूट धरलं होतं. भांडण उघड होतं, आणि नदीकाठच्या वस्त्यांमधली भांडणं तोडण्याचा मान आता काओचा होता. म्हाताऱ्या नायकाने, ह्वानने, मरण्याआधी पुढचा नायक म्हणून सगळ्यांसमक्ष त्याचंच नाव घेतलं होतं.

"इकडे या. काय झालं?"

शेपूटवाला ओशाळला. "काही नाही, काका. तानकडे निघालोय. ह्वानचा मुलगा तो. शेवटी बापाचं रक्त."

डुकरासकट दोघं पुढे गेले.

मागे काओची बायको राळे कांडत होती. मुसळ न थांबवता ती म्हणाली, "पुराचं पाणी समुद्राकडे वळवताना पायाची नखं कुजली तुमची, आणि रक्त म्हणे तानचं!"

"गप बस."

"बसते की. पण रोज इथे उभं राहून त्याच्या अंगणाकडे बघता, ते मला दिसतं हो."

ह्वानच्या बरोबरीने काओने अर्धं आयुष्य कालवे खणले होते, एकाच कातड्याखाली थंडी काढली होती. तेव्हा तान काय करत होता? आईच्या मागेमागे फिरत बोरं खात होता. आणि आता शिकारीतला पहिला वाटा त्याच्या दारी जायचा. काल तर काओचा सख्खा पुतण्याच हरणाची मांडी खांद्यावर टाकून, काकाकडे न बघता, तिकडे गेला होता.

दुपारी तो उठला आणि तडक तानच्या घरी गेला. नायकाची चटई रिकामी होती, तिच्यावर फक्त नायकपदाची खूण असलेली हिरव्या दगडाची कुऱ्हाड. तान शेजारी जमिनीवर बसला होता.

"या, काका. तुमचीच वाट बघत होतो."

"माझी? तुझ्याकडे तर जत्रा भरलीय."

"मी कुणाला बोलावत नाही." तानने राळ्याची दारू ओतून त्याच्यापुढे ठेवली आणि कुऱ्हाड त्याच्याकडे सरकवली. "ही न्या. तुमची आहे."

काओने पेला उचलला. तान खाली बघत म्हणाला, "एक विचारू? मी जन्मलो तेव्हा तुम्ही आणि माझा बाप, दोघं या दारावरून गेलात. मी आत रडत होतो, आणि तो आत आला नाही. आई सांगायची. लहानपणी मला तुमचा फार हेवा वाटायचा, काका. तो तुम्हाला मिळाला होता. माझ्याबद्दल कधी काही बोलला का तो?"

काओच्या हातातला पेला ओठांशीच थांबला. आपलाही कुणी हेवा केला होता! छातीत काहीतरी सुखाने उबदार झालं. त्याने एक सावकाश घोट घेतला.

"कामात असायचा," तो म्हणाला.

तानने मान हलवली. "मग खरा मुलगा तुम्हीच. उचला."

काओने कुऱ्हाडीवर हात ठेवला. तानच्या चेहऱ्यावर राग नव्हता. बांध फुटला की ह्वान असाच बघायचा, आणि मग म्हणायचा, पुन्हा बांधू. काओला ती कुऱ्हाड उचलवेना.

"त्या दिवशी तो तुमच्या कुंपणाला धरून उभा राहिला," तो म्हणाला. "तुझं रडणं थांबेपर्यंत. मीच त्याला ओढलं. चल, पाणी चढतंय म्हटलं. मग वाटभर बोलला नाही. पुढे कधीतरी एवढंच म्हणाला, हे पाणी मी त्याच्यासाठीच हटवतोय."

तानने कुऱ्हाड काओच्या हाताखालून अलगद ओढून घेतली आणि तो चटईवर जाऊन बसला.

"माझ्यासाठी," तो म्हणाला.

"तसं म्हणाला तो. पण नाव मात्र माझं..."

"बाहेर लोक आहेत, काका. त्यांना हे सांगा. तुम्ही सांगितलंत तर कुणी वाद घालणार नाही."

हा आवाज काओने याआधी ऐकला नव्हता. तो उठला. दारापर्यंत पोचला तेव्हा मागून तान म्हणाला, "आणि माझ्या पोराचंही नाव आत्ताच घेऊन टाका. माझ्यानंतर तो. उगाच कुणाला आशा नको."

काओ उंबऱ्यावर थांबला. अंगणातले लोक उठून उभे राहिले होते, आणि सगळ्यांच्या नजरा त्याच्या खांद्यावरून आत लागल्या होत्या.