डाव्या हाताले सत्तर पावलं

मी चिडकी बाई आहे, हे आधीच सांगून टाकते. पुस्तकाचं पान कोणी थुंकी लावून उलटलं की माझा पारा चढतो. लिहिण्यात चूक दिसली की माझे हात शिवशिवतात. याच हातांपायी सावरबोडीतली पन्नास घरं वाहून जायची वेळ आली होती, आणि त्यातल्या एका घरात माझी माय खाटेवर पडलेली होती.

अठ्ठ्याहत्तरच्या पावसाळ्यातली गोष्ट. नागपुरात सदरला एका सायकलच्या दुकानावर आमचं ग्रंथालय होतं, दीड खोलीचं. जुने तलाव, जंगल आणि गावांचे हक्क, एवढ्याच विषयाचं. कादंबरी मागायला आलेली माणसं जिना उतरताना आम्हाला नावं ठेवत जायची. मनोहररावांनी ते काढलं होतं. ते पाटबंधाऱ्यातले रिटायर ओव्हरसियर. मालगुजारांची जमीनदारी गेली, गावोगावचे तलाव सरकारजमा झाले, आणि त्यांची राखण करणारी म्हातारी माणसं एकेक करून मरायला लागली. तेव्हा हे गृहस्थ सायकलवर फिरून त्यांची तोंडी माहिती लिहून आणायचे. पाळ, म्हणजे तलावाचा मातीचा बांध, कुठं कच्ची, तलावाचं पाणी कुठून सोडायचं, कोणाच्या शेताला आधी द्यायचं. आणलेले कागद मी सुवाच्य अक्षरात रजिस्टरात उतरवायची.

त्यात माझ्या वडिलांचाही कागद होता. नत्थू, राहणार सावरबोडी, मौद्यापासून तीन कोस. पाळीची राखण पिढ्यान्‌पिढ्या आमच्या घराकडे. छप्पन साली बाबा नागपूरला येऊन बौद्ध झाले, घरातले देव त्यांनी नदीत सोडले, गावकीची कामं सोडली. पाळीवरची फेरी मात्र सोडली नाही. खाली आपलीच घरं आहेत, म्हणायचे. त्यांना जाऊन आता दहा वर्षं झाली होती.

पोळ्यानंतर आठ दिवस झड लागली होती. सकाळी अकराला मौद्याच्या पोस्टातून ट्रंक कॉल आला.

"जयवंते, मी रुपराव बोलून राहिलो." माझा मोठा भाऊ. "तलाव काठोकाठ भरला वं. सांडवा तं आपल्याच लोकायनं दगड टाकून बुजवला हाय. पाणी जाईन कुठून? पाळीतून पाझरून राहिलं."

"अन् माय?" मी विचारलं.

"घरीच हाय. लोकं शाळेत गेले, पण तिले हालता येत नाही, अन् खाट उचलतो म्हटलं तं शिव्या देते. ते ठेव. बाबानं तुडुमाची जागा त्या साहेबाले सांगतली होती न? पाह्य लवकर."

तुडुम म्हणजे तलावाचं पाणी सोडायची दगडी मोरी. पाळीच्या पोटातून ती शेताच्या अंगाला निघते. आमची वीस वर्षांत गाळानं बुजली होती, वर बेशरमीची झुडपं माजली होती, आणि जागा गावात कोणालाच आठवत नव्हती. ती मोकळी केली की तलाव उतरला असता. नाहीतर पाळ फुटली असती.

मी रजिस्टर काढून वाचलं, "पाळीवरच्या मधल्या गोट्यापासून उजव्या हाताला सत्तर पावलं. तिथं बाहेरच्या अंगाला पायथ्याशी."

"उजव्या?" भाऊ घुटमळला. "पक्कं?"

आणि मला राग आला. त्या वेळीही मला राग आला, काय सांगू! "लिहून हाय, भाऊ! मी का मनानं सांगून राहिली?"

"कागदात हाय तं मंग झालं," म्हणाला आणि फोन ठेवला.

मोरी किती खोल आहे ते मूळ कागदात असेल म्हणून मी कपाट उघडलं. मनोहररावांच्या हातचा पेन्सिलीचा कागद, सहासष्ट सालचा. बाबांचे शब्द जसेच्या तसे. आणि त्यांच्यावर माझं लाल पेन.

'मधल्या गोट्यापासून डाव्या हाताले सत्तर पावलं.' त्यातल्या 'हाताले'चं मी 'हाताला' केलं होतं. सगळ्याच कागदांवर करायची. घरी मीही 'मले'च म्हणते, पण रजिस्टरात शुद्ध पाहिजे ना! इथं मात्र पेन तेवढ्यावर थांबलं नव्हतं. 'डाव्या' खोडून वर 'उजव्या' लिहिलं होतं. खालची ओळ: 'उजव्या अंगाले कुदळ लावू नोका. माया लहानपणी पाळ तिथंच फुटली, भुसभुशीत माती भरली हाय.' तिथं मी 'उजव्या' खोडून 'डाव्या' केलं होतं.

आठवलं सगळं. पाटबंधारे ऑफिसच्या जुन्या नकाशात मोरी उजवीकडे दाखवली होती आणि बाबा डावीकडे सांगत होते. मी म्हटलं, म्हातारा माणूस, अंगठेबहाद्दर, घोटाळा झाला असेल. नकाशा कसा चुकेल? माझा स्वतःचा बाप, अन् मी त्याला विचारलंही नाही. तेव्हा जिवंत होता तो!

"मनोहरराव!" मी ओरडले. ते आतल्या खोलीत नकाशांना हवा देत होते. कागद पाहून ते स्टुलावर बसले.

"जयवंताबाई, नकाशा बरोबर आहे," ते म्हणाले. "पण नकाशातलं डावं-उजवं वाहत्या पाण्याबरोबर तोंड करून धरतात. म्हणजे तलावाकडे पाठ."

"आमच्या गावात तलावाकडे पाठ करून कोणी उभंच राहत नाही!" खरंच नाही. देव सोडले तरी ती सवय सुटली नव्हती. लहानपणी पाळीवर पाण्याकडे पाठ केली की माय टाळक्यात हाणायची.

म्हणजे बाबांचं डावं आणि नकाशाचं उजवं, दोन्ही एकच जागा. दोघंही बरोबर होते. मी नकाशाचं उजवं घेऊन बाबांच्या माणसांच्या हाती दिलं होतं. भाऊ गोट्यापाशी उभा राहणार, पाण्याकडे तोंड करणार, उजवीकडे सत्तर पावलं जाणार, आणि पाळ एकदा फुटली तिथंच कुदळ घालणार.

मौद्याला फोन लावायला बसले. पाच मिनिटं नुसती खरखर, मग ऑपरेटर म्हणाली लाईन बंद. आणि लागला असता तरी काय? रुपराव तर सायकलवर बसून कधीच निघाला होता.

"चला," मनोहरराव म्हणाले आणि त्यांनी लँब्रेटा स्कूटरची किल्ली घेतली. अडुसष्ट वर्षांचा माणूस, एका डोळ्याचं ऑपरेशन झालेलं. एरवी त्यांच्या मागं बसायला मी साफ नकार दिला असता.

भंडारा रोडवर पावसानं समोरचं काही दिसत नव्हतं. ट्रक गेला की अंगावर चिखलाचं पाणी. मूळ कागद मी पॉलिथिनमध्ये गुंडाळून पोलक्यात खोचला होता आणि मनातल्या मनात हिशेब करत होते. भाऊ आता गावच्या वाटेवर असेल. आता पोचला असेल. आता माणसं गोळा करत असेल. पारडीला स्कूटर बंद पडली. मनोहररावांनी प्लग पुसला, किका मारल्या, आणि मी रस्त्यावर उभी राहून त्या स्कूटरला, पावसाला, स्वतःला तोंडाला येईल ते बोलत राहिले. भीती वाटली की मला शिव्याच सुचतात. कन्हानच्या पुलावर आलो तेव्हा खाली पाणी लालभडक होतं, आणि मला शिव्याही सुचेनात.

गाव दिसलं. घरं जागेवर होती. मी मोठ्यानं रडले तेव्हा.

पण पाळीच्या पायथ्याशी सहा-सात माणसं वाकलेली दिसत होती, उजव्या अंगाला. भाऊ खड्ड्यात कमरेइतका उतरला होता. खड्ड्याच्या भिंतीतून पाणी येत होतं, हाताच्या पंजाएवढ्या जागेतून, आणि ते गढूळ होतं.

"गढूळ येतंय," मनोहरराव माझ्या कानाशी म्हणाले. "आतली माती धुतली जातेय."

"भाऊ, बाहेर निघ!" मी ओरडले.

"अवं, आलंच!" त्याचा चेहरा खुललेला. "हे पाह्य, पाणी लागलं. तुडुम इथंच हाय. दोन हात अजून."

"तुडुम नोहे ते! पाळ फुटून राहिली! निघ म्हणते ना!"

तो हलेना. "तूच तं सांगतलं. कागदात हाय म्हणे."

आता सगळे माझ्याकडे पाहत होते. त्यातले निम्मे मला लहानपणापासून ओळखणारे. गावातली पहिली मॅट्रिक झालेली पोरगी, नागपूरची लायब्ररीवाली. मी पोलक्यातून कागद काढला. पॉलिथिन दातांनी फाडलं.

"कागदात बाबानं डावा सांगतला," मी म्हटलं. "मी खोडला. मले वाटलं बाबाले समजत नाही. मी बह्याड, बाबा नाही. इथं पाळ फुटली होती, इथं हात लावू नोका, हेबी सांगतलं होतं. तेबी मीच फिरवलं."

बाबाराव नावाचा आमचा चुलता कुदळ टेकून उभा होता. "सकाळी उजवा, आता डावा," तो म्हणाला. "अन् हेबी खोटं निघालं तं? पाळीले दोन खड्डे?"

भाऊ खड्ड्यातून वर आला, चिखलानं माखलेला. माझ्यासमोर येऊन उभा राहिला. मला वाटलं, आता हा मला थोबाडीत देणार, आणि द्यावी असंही वाटलं. पण तो पाळ चढून मधल्या गोट्यापाशी गेला. मी मागं गेले.

"मोज तू," मी म्हटलं. "मायी पावलं लहान हायेत. तुयी टांग बाबाची हाय."

तो गोट्यापाशी उभा राहिला. कसं उभं राहायचं ते मी सांगितलं नाही. त्याचं तोंड आपोआप पाण्याकडे झालं. त्यानं डावा हात बाजूला काढला आणि त्या दिशेनं चालायला लागला, मोठ्यानं मोजत. खाली मनोहरराव लोकांकडून पहिल्या खड्ड्यात मातीची पोती टाकून घेत होते, एकावर एक. सत्तर झाली. खाली बेशरमीचं रान.

त्यानंतर तासभर मी पोती आणि खड्डा, खड्डा आणि पोती एवढंच पाहत होते. एकदा पोत्यांखालून भसकन पाणी आलं तेव्हा बाबारावानं चिखलात आडवं पडून अंगानं पोतं दाबून धरलं. मी वस्तीकडे धावले नाही. मायला उचलून नेण्याएवढा वेळ आहे की नाही हेच कळत नव्हतं. मग कुदळ दगडावर वाजली. मग अजून एकदा. भावानं हातानं गाळ उपसला आणि दगडी तोंडातून आधी काळा चिखल आला, मग कुजलेल्या लाकडाचे तुकडे, मग पाणी, मांडीएवढ्या जाडीचं. ते पाटात पडलं आणि नाल्याकडे निघालं. भाऊ तिथंच बसला आणि पाण्याकडे पाहत ढसाढसा रडला.

घरी गेले तर माय खाटेवर जागीच होती. छताला पाणी गळत होतं, खाटेखाली पातेलं ठेवलेलं.

"निघालं का तुडुम?" तिनं विचारलं.

"निघालं."

"तुया बापानं सांगतलं होतं तिथंच न?"

"होय, माय."

"मंग एवढा येळ काहून लागला वं?"

मी पातेलं उचलून बाहेर रिकामं केलं.

ओसरीवर मनोहरराव ओल्या कपड्यांनी बसले होते. भावानं त्यांना चहा दिला होता, तो तसाच निवत होता.

"जयवंताबाई," त्यांनी विचारलं, "रजिस्टरात एकूण तलाव किती झाले हो?"

"बेचाळीस," मी म्हटलं, आणि तो आकडा तोंडातून निघता निघताच त्यांना काय विचारायचं आहे ते मला कळलं.

"लाल पेन सगळ्यांवर?"

"सगळ्यांवर," मी म्हटलं. पाऊस पुन्हा वाढला होता, आणि तो काही एकट्या सावरबोडीवर पडत नव्हता.