पेन्कामावशीचं छत

यानित्सा अठरा वर्षांची झाली आणि दोनच महिन्यांत तिच्या हातात एका घराची किल्ली पडली. बल्गेरियातल्या रुसे शहरात, स्टेशनच्या मागच्या वसाहतीत, चार मजली इमारतीचा तिसरा मजला. घर नगरपालिकेचं. बालगृहातून बाहेर पडणाऱ्या मुलांचा पाय जमिनीवर टेकेपर्यंत त्यांच्या पाठीशी राहणारी एक संस्था शहरात होती, तिनं ते चालवायला घेतलं होतं. यानित्साला तिथं दोन वर्षं राहता येणार होतं. आई तिला आठवत नव्हती आणि बापाचं नाव कुठल्याच कागदावर नव्हतं.

संस्थेच्या वेलिच्काबाई दर आठवड्याला यायच्या. वय छप्पन्न, अंगानं जाड, तीन जिने चढून आल्या की पाच मिनिटं नुसत्या खुर्चीत बसून हाशहुश करायच्या. मग विजेचं बिल कसं वाचायचं, डॉक्टरची वेळ कशी मागायची, एका माणसापुरतं सूप कसं करायचं, हे सगळं शिकवायच्या. यानित्सानं पहिल्यांदा सूप केलं ते बालगृहातल्या पातेल्याच्या अंदाजानं. चार दिवस तेच खाल्लं. पण वेलिच्काबाईंच्या मनात रुतून बसली ती वेगळीच गोष्ट. ही मुलगी स्वतःच्या न्हाणीघरात जाण्याआधी दारावर टकटक करायची.

"आत कोण असणार गं?" त्यांनी एकदा विचारलं.

"कुणी नाही," यानित्सा लाजून म्हणाली. "सवय आहे."

शिवणाच्या कारखान्यात तिला काम लागलं होतं, शर्टांच्या कॉलरी शिवायचं. काम ती मान वर न करता करायची. इमारतीत मात्र कुणाशी बोलायची नाही. जिन्यात पावलं वाजली की ती जाईपर्यंत दाराआड थांबायची.

सप्टेंबरात वेलिच्काबाईंनी कुठूनतरी एक वापरलेलं वॉशिंग मशीन मिळवलं आणि स्वयंपाकघरात बसवून दिलं. "ही नळी सिंकमध्ये अडकवायची. विसरलीस तर सगळं पाणी जमिनीवर," असं दोनदा बजावलं. यानित्सानं मान डोलावली. पण एका गुरुवारी सकाळी भांडी घासताना तिनं नळी बाजूला काढली, ती तशीच राहिली, मशीन सुरू करून ती कामावर निघून गेली.

दुपारी परत आली तर दुसऱ्या मजल्यावर एक बाई जिन्यात उभीच होती. उंच, पांढऱ्या केसांची, उजवा हात प्लास्टरमध्ये. ही पेन्का. तीस वर्षं तिनं शहरात ट्रॉलीबस चालवली होती आणि आवाज अजून तसाच होता, मागच्या सीटपर्यंत पोचणारा.

"तिसऱ्या मजल्यावरची तूच ना? वर काय मासे पाळलेस? माझ्या स्वयंपाकघरात पाऊस पडतोय! छताचे पोपडे सुपात पडले माझ्या!"

यानित्सा भिंतीला घासत वर पळाली. जमिनीवर घोट्याएवढं पाणी होतं. तिनं ते चादरींनी, टॉवेलांनी, अंगातल्या स्वेटरनं टिपलं. मग पलंगाखालची बॅग काढली, कपडे भरले, पलंग आवरला, किल्ली टेबलावर मधोमध ठेवली आणि वेलिच्काबाईंना निरोप धाडला: माझं सामान तयार आहे.

वेलिच्काबाई अर्ध्या तासात आल्या. या वेळी त्या खुर्चीत बसल्या नाहीत.

"हे काय? कुठं निघालीस?"

"तुम्ही न्याल तिथं."

"मी कुठं नेणार तुला?"

"पाणी गेलं खाली. छत पडलं." यानित्सा बॅगेच्या बंदाकडे बघत बोलत होती. "मी नऊ वर्षांची असताना जेवणघराची काच फोडली होती. आठ दिवसांत मला दुसऱ्या गावच्या बालगृहात पाठवलं. मला माहितीये कसं असतं ते. तुम्ही रागवू नका, मी रडणार नाही."

वेलिच्काबाई पलंगावर बसल्या. तिची फाइल त्यांनी वाचलेली होती, अगदी पहिल्या पानापासून.

"यानित्सा, इकडे बघ. काचेमुळे नाही पाठवलं तुला. ते बालगृहच बंद झालं त्या वर्षी. सरकारनं तशी मोठी घरं बंद करायला घेतली होती. बेचाळीस मुलं होती तिथं, बेचाळीसच्या बेचाळीस हलवली."

यानित्साची बोटं बॅगेच्या बंदावर थांबली. मग विचारलं, "मग मला तसं कुणी सांगितलं का नाही?"

वेलिच्काबाईंनी तिचा ओला हात हातात घेतला. नऊ वर्षं ही पोर एका काचेचं ओझं वाहत होती.

"आता काय करायचं?" शेवटी यानित्सानं विचारलं.

"आता खाली जायचं आणि त्या बाईंशी बोलायचं. घर असलं की पाणी गळतं, शेजारी चिडतात. त्यासाठी कुणी घर सोडून जात नाही."

"तुम्ही बोला ना."

"मी बरोबर येते. बोलायचं तू."

पेन्कानं दार उघडलं आणि लगेच पुन्हा सुरू केलं. मशीनला शिव्या, मशीन देणाऱ्याला शिव्या, आणि जिनासुद्धा सुटला नाही, कारण त्याच जिन्यावरून घसरून तिचं मनगट मोडलं होतं. यानित्सा तिच्या मागं मागं स्वयंपाकघरात गेली. छतावर पिवळा डाग पसरला होता, एका कोपऱ्यातलं प्लास्टर निघालं होतं. पण तिची नजर गेली गॅलरीत. तिथं लांबट, जाड गराच्या लाल मिरच्यांच्या पाच पेट्या एकावर एक रचलेल्या होत्या, वरच्या मिरच्या सुरकुतायला लागल्या होत्या.

"काय बघतेस?" पेन्का म्हणाली. "लेकानं गावाहून आणून टाकल्या आणि जर्मनीला गेला परत. दुसऱ्याच दिवशी माझा हात मोडला. आता एका हातानं भाजू की सोलू? दरवर्षी या मिरच्यांची चाळीस बरण्या ल्युतेनित्सा करते मी, वर्षभर पुरते ती चटणी. या वर्षी कचऱ्यात जाणार सगळं."

"माफ करा, मावशी," यानित्सा म्हणाली. आवाज इतका बारीक की पेन्काला पुढं वाकावं लागलं. "नळी माझ्याकडून राहिली. छत मी रंगवून देते. आणि... मी सोलते मिरच्या."

"कधी सोलल्यात?"

"नाही."

"मग काय दिवे लावणार?" पेन्का म्हणाली. मग तिच्या भिजलेल्या मोज्यांकडे बघून तोंड वाकडं केलं. "शनिवारी ये. सात वाजता. आणि कोरडे मोजे घालून ये, माझ्याकडे नर्स नाहीये."

शनिवारी यानित्सा पावणेसातलाच दाराशी होती. काम काय करतेस, हे पेन्कानं दारातच विचारून घेतलं. पेन्का भाजायची, म्हणजे डाव्या हातानं चिमट्यानं मिरच्या उलटायची, आणि यानित्सा काळी पडलेली सालं काढायची. पहिल्या पेटीत तिनं सालाबरोबर निम्मी मिरचीही काढून टाकली.

"कॉलर शिवतेस की उसवतेस गं तू?" पेन्का ओरडली. "बोटानं! नुसतं बोटानं, हळू! बाळाचे कपडे उतरवतात तसं."

तिसऱ्या पेटीपर्यंत हात बसला. दुपारी पेन्कानं पावाच्या तुकड्यावर गरम ल्युतेनित्सा फासून तिच्यापुढं धरली, वर पांढऱ्या चीजचा चुरा. यानित्सानं एक घास घेतला, मग दुसरा. तिसऱ्याला तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"तिखट झाली?"

"नाही. गरम आहे," यानित्सा म्हणाली. बालगृहात ल्युतेनित्सा यायची ती डब्यातून, थंडगार.

सोमवारी खालच्या दाराशी चिठ्ठी लागली: बुधवारी संध्याकाळी रहिवाशांची बैठक. विषय, तिसऱ्या मजल्यावरचं घर. इमारतीचा कारभार बघणाऱ्या बाल्कान्स्कीला संस्थेची मुलं इथं पहिल्यापासून नको होती. वेलिच्काबाई आल्या तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता, कारण दुसऱ्या एका वसाहतीत असंच झालं होतं आणि तिथलं घर त्यांना सोडावं लागलं होतं. त्यांनी बोलायचे मुद्दे कागदावर लिहून आणले होते.

जिन्यात दहाबारा माणसं जमली. बाल्कान्स्की म्हणाला, "मुलीबद्दल माझं वाईट मत नाही. पण इथं कुटुंबं राहतात. ज्यांच्यामागं कुणी नाही त्यांची जबाबदारी आपण का घ्यायची? आज पाणी, उद्या आग लागेल."

वेलिच्काबाईंनी कागद उघडला. पण त्याआधीच यानित्सा एक पायरी खाली उतरली. तिनं कठडा धरला होता.

"पाणी माझ्यामुळे गेलं," ती म्हणाली. "मी मावशींची माफी मागितली. रविवारी छत रंगवणार आहे. मशीन लावून मी आता बाहेर जात नाही. तुम्हाला काही त्रास झाला तर... तर वर या आणि मला सांगा. मी दार उघडीन."

एवढंच. मग पेन्काचा आवाज आला, मागच्या सीटपर्यंत पोचणारा.

"गळलं कुणाचं? माझं. तक्रार केली का मी? नाही. मग तू कशाला माझ्या छतासाठी सभा भरवतोस, बाल्कान्स्की? तुझ्या मुलानं माझी गॅलरी बुडवली होती त्या वर्षी कुणी भरवली होती सभा? आणि हिच्यामागं कुणी नाही म्हणे. मी काय खांब आहे इथं उभी?"

कुणीतरी हसलं. बाल्कान्स्की "बरं, बरं, बघू" म्हणत चिठ्ठी खिशात घालू लागला. बैठक तिथंच विरली. सगळं सुरळीत झालं असं नाही, चौथ्या मजल्यावरची जोडी अजूनही तिला बघून तोंड फिरवते. पण घर राहिलं. वेलिच्काबाईंनी न वाचलेला कागद घडी करून पर्समध्ये टाकला आणि जिन्यातच नाक शिंकरत उभ्या राहिल्या.

रविवारी छत रंगवून झालं. पुढच्याच आठवड्यात यानित्सा कामावरून थेट संस्थेच्या कचेरीत गेली.

"मला माझी फाइल वाचायची आहे," ती म्हणाली. "सगळी."

वेलिच्काबाईंनी दार लावून घेतलं, चहा केला आणि तिच्या शेजारी बसल्या. यानित्सा बोट ठेवून ओळ ओळ वाचत गेली. चार बदल्या होत्या. एकदा घर बंद झालं, एकदा वयाचा नियम, एकदा इमारतीची दुरुस्ती, एकदा जागा कमी. तिनं काही केलं म्हणून, असं एकदाही नव्हतं. आणि अगदी तळाशी, पहिल्या बालगृहातल्या कुणा दाईनं निळ्या शाईत लिहिलेल्या दोन ओळी होत्या: बाळ शांत आहे. गाणं लागलं की मान हलवतं.

ते पान तिनं तीनदा वाचलं. आपण कधी बाळ होतो हे तिला त्या दिवसापर्यंत कुणी सांगितलं नव्हतं. वेलिच्काबाईंनी तिला त्या पानाची प्रत काढून दिली.

घरी जाताना ती दुसऱ्या मजल्यावर थांबली, बेल दाबली आणि प्रत पुढं केली. पेन्कानं चष्मा शोधला, कागद लांब धरून वाचला.

"मग?" ती म्हणाली. "अजूनही हलवतेस की. त्या शनिवारी रेडिओ लागला होता, मिरची हातात आणि मान आपली डुलतेय. मला वाटलं पेंगतेयस."

"खरंच?"

"मी कशाला खोटं बोलू? ये आत, दार उघडं ठेवू नकोस, गारठा येतो."

यानित्सा आत गेली.