गिरणीची नखं

कोंडीरामाची नखं बघायला एके काळी नायगावच्या चाळीतली पोरं रांग लावायची. अहो, नखं कसली, कवड्याच त्या! जाड, पिवळट, टोकाला उचललेल्या. कात्री चालायची नाही, म्हणून म्हातारा ती अडकित्त्यानं कापायचा. डोक्यावर केस म्हणाल तर औषधालाही नाही. कोणी विचारायचा अवकाश, गोष्ट सुरू: "गिरणीच्या साचाखात्यात जिंदगी काढली, बाबांनो! मागावर तुटलेले धागे जोडता जोडता नखं गेली, वाफेनं केस नेले." ऐकणारा हळहळायचा आणि कोंडीरामाला चहा पाजायचा.

मुलगा अजित तिशीतच टकला झाला, तेव्हा हेल्मेटनं घात केला असं घरात ठरलं. इथवर सगळं ठीक होतं. पण नातू सम्यक जन्मला तो डोक्यावर नुसती लव घेऊन, आणि शाळेत जायला लागला तरी त्या लवेचे काही केस होईनात. नखं मात्र आजोबांसारखी जाड होत चालली. पोरानं ना गिरणी पाहिली, ना हेल्मेट घातलं. मग कोंडीरामाच्या बायकोला, राधाबाईंना, खापर फोडायला सून प्रीतीच सापडली.

"पोटुशी असताना नखांना रंग फासायची ना ही! तोच भोवला लेकराला."

प्रीती बँकेत भल्याभल्यांना गप्प करायची, पण पोराचा विषय निघाला की तीच गप्प व्हायची. न जाणो, असेलही माझंच चुकलेलं, असं तिला वाटायचं. तिनं नेलपॉलिशच्या बाटल्या कचऱ्यात टाकल्या आणि पुन्हा म्हणून हाताला रंग लावला नाही.

कोंडीराम हे बघून आतल्या आत कुढत होता, कारण खरं काय ते एकट्या त्यालाच ठाऊक होतं. राधाबाईंना बघायला गेला, तेव्हा सासरा त्याच्या बोटांकडे टक लावून बसला आणि ह्याच्या तोंडून निसटलं, "गिरणीत झालं." लग्न जमलं. आता इतक्या वर्षांनी कबूल करायचं म्हणजे राधाबाई घरात ठेवतील का, हीच धास्ती.

शेवटी परळच्या एका मोठ्या हॉस्पिटलात सगळी वरात निघाली. कोंडीराम हात पिशवीखाली दडवून बसला.

"बाळा, नखं कधीपासून अशी आहेत रे?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"मी साचाखात्यात होतो," सम्यक छाती काढून म्हणाला.

डॉक्टरीणबाईंना हसू आवरेना. मग त्या म्हणाल्या, "हा आजार दुर्मीळ आहे, पण घराण्यातून येतो. आणखी कोणाला आहे का?"

"आमच्यात कोण्णाला नाही!" राधाबाई उसळल्या. "हिचीच थेरं. रंग लावून हिंडायची."

प्रीतीनं मान खाली घातली. आईकडे बघून सम्यकनं आपले दोन्ही हात चड्डीच्या खिशात घातले. ते मात्र कोंडीरामाला बघवलं नाही. त्यानं पिशवी खाली टाकली आणि दोन्ही पंजे टेबलावर ठेवले.

"हे बघा. जन्मापासूनची आहेत. माझ्या आईचीही अशीच होती. गिरणीचा काडीचा संबंध नाही, आणि पोरीच्या रंगाचाही नाही."

डॉक्टरीणबाई त्या पंजांवर अशा खूश झाल्या की शिकाऊ डॉक्टरांना हाका मारून दाखवायला लागल्या. अजितचंही डोकं तपासून झालं आणि हेल्मेट निर्दोष सुटलं. "आईनं काही केल्यामुळे हे होत नसतं," त्या प्रीतीला म्हणाल्या, तेव्हा तिला रडू फुटलं.

बसमध्ये राधाबाई हिंदमातापर्यंत तोंड फिरवून बसल्या. मग एकदम कडाडल्या, "माझ्या बापाशी खोटं बोललात! गिरणी बंद पडली, तुमची थाप चालूच!" आणि तरातरा खाली उतरल्या. बाकीचे मागोमाग. कोंडीरामाला वाटलं, ही आता तडक माहेरी जाणार. पण त्या एका दुकानात शिरल्या आणि लालभडक नेलपॉलिशची बाटली घेऊन बाहेर आल्या.

घरी आल्यावर त्यांनी सुनेला समोर बसवलं. "आण हात. माझीच जीभ मेली लांब." त्यांना कुठला आलाय सराव, निम्मा रंग बोटांवर गेला. प्रीती डोळे पुसत हसत होती. सम्यकनं खिशातले हात काढून पुढे केले, त्याचीही नखं रंगली.

सगळं निवळलंय असं बघून कोंडीरामानंही हळूच हात पुढे केला.

"तुम्ही नाही," राधाबाईंनी बाटलीचं बूच घट्ट लावलं. "तुम्ही साचाखात्यात जाऊन लावून या."