होकाराचा प्रसंग

तैझ शहरात लढाई पेटली, तरी लोक लग्नं करतच होते. फक्त लग्नाचे व्हिडिओ काढायला अब्दुलकवीला कुणी बोलवेना. मग त्याने सरळ सिनेमाच काढायला घेतला. कॅमेरा लग्नातलाच, माइक झाडूच्या दांड्याला बांधलेला, शूटिंग घराच्या माडीवर. नायिका अर्वा पूर्वी रेडिओवर बातम्या द्यायची.

गाडं अडलं ते होकाराच्या प्रसंगात. "मी तुमच्याशी लग्न..." एवढं अर्वा म्हणाली की शेजारच्या गच्चीवरून मशीनगन कडाडायची.

"उस्ताद, करेन म्हणाले की मरेन, हे त्यालाही कळलं नाही," नायकाकडे बोट दाखवत ती वैतागली.

अब्दुलकवी तडक गच्चीवर चढला. मोहल्ल्याचा कमांडर हिझाम गालात कात नावाच्या नशेच्या पाल्याचा तोबरा भरून बसला होता.

"साहेब, जरा वेळ गोळीबार थांबवा. लग्न ठरायचंय."

"कुणाचं?"

"सिनेमातलं."

"आणि समोरचे थांबतील?"

"तुम्ही झाडता म्हणून ते झाडतात."

हिझामने विचार केला. "मग मला मुलीचा बाप कर."

मशीनगन गप्प झाली. थोड्या वेळाने पलीकडचीही. अब्दुलकवीने आनंदाने "ॲक्शन!" म्हटलं आणि गल्लीतल्या खिडक्या धडाधड उघडल्या. बायका पाण्याचे कॅन घेऊन धावल्या, पोरांनी चेंडू काढला, भटारी गरम रोटीची हाळी देऊ लागला. कित्येक महिने भांडण तुंबलेल्या दोन शेजारणी तर एकमेकींच्या झिंज्याच धरायला निघाल्या.

"अरे, गप्प बसा!" अब्दुलकवी ओरडला. कोण ऐकतंय!

"एक फैर झाडू का?" हिझामने प्रेमाने विचारलं. "गल्ली लगेच रिकामी होते."

अब्दुलकवी 'हो' म्हणणारच होता. तेवढ्यात त्याला खालच्या मजल्यावरची उम्म जमील दिसली. म्हातारी उंबऱ्यावर पाय पसरून, डोळे मिटून ऊन खात होती.

"नको, साहेब," तो म्हणाला. "अर्वाबाई, खाली चला. तिथेच घेऊ."

भर गल्लीत अर्वाने बेंबीच्या देठापासून ओरडून होकार दिला.

"काय म्हणाली गं?" एका शेजारणीने झिंज्या सोडून विचारलं.

"करेन म्हणाली!"

झालं! बायकांनी जिभा हलवत लग्नातला गजर केला, भटाऱ्याने नायकाच्या हातात रोटी कोंबली. हिझाम मात्र संवाद पार विसरला. त्याने नायकाची गचांडी धरून विचारलं, "कमावतोस काय रे? माझ्या पोरीला खायला काय घालशील?"

"कट!" अब्दुलकवी हसून हसून खाली बसला. "फारच छान, साहेब."

"छान कसलं? दाढी नीट नव्हती," हिझाम म्हणाला. "परत घे."

अंधार पडेपर्यंत तो परत परत घ्यायला लावत होता. गच्चीवर कुणी फिरकलंसुद्धा नाही.